कार्यक्रमाच्या पोस्टला लाईक भरपूर, नोंदणी मात्र नाही. काय चुकतंय?

दुसरी विंग
मंडळी, सल्ला हवाय.
आमचा कथा-अभिवाचनाचा छोटा गट आहे. सगळे हौशी, नोकरीधंदा सांभाळून करणारे. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच जाहीर कार्यक्रम करतोय. प्रवेश विनामूल्य आहे, पण खुर्च्या मोजक्या असल्यामुळे नावनोंदणी ठेवली आहे. छापील काही काढलेलं नाही, सगळी मदार सोशल मीडियावर.
पोस्टर फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सॅपच्या ग्रुपांवर टाकलं. अभिनंदन, अंगठे, बदाम, टाळ्या, काही विचारू नका! फॉर्म उघडून बघितला तर वाचणाऱ्यांच्याच घरची मंडळी. पैसे भरून जाहिरात करावी का? की रोज पोस्ट टाकत राहावं? रोज टाकलं तर लोक वैतागतील अशी भीती वाटते.

मागचा बाक
आधी पोस्टरवरचा मजकूर इथे टाका. त्याशिवाय काय सांगणार?

दुसरी विंग
हा घ्या:
"शब्दांच्या वाटेवरून... संवेदनांचा एक हळुवार प्रवास! आपल्या मनातलं काहीतरी, आपल्यासाठी. दि. १४, सायं. ६ वा., सभागृह, पहिला मजला. नोंदणीसाठी कोड स्कॅन करा. आपली उपस्थिती प्रार्थनीय."
खाली क्यूआर कोड आणि मागे सूर्यास्ताचा फोटो.

शाईचा डाग
राग मानू नका, पण हे वाचून कार्यक्रम गाण्याचा आहे, कवितांचा आहे की ध्यानधारणेचा, काहीच कळत नाही. अशा पोस्टला माणूस बदाम देतो कारण ते तुमचं आहे आणि तुमच्यावर त्याचा लोभ आहे. संध्याकाळ मोकळी ठेवायची तर त्याला चार गोष्टी लागतात: आहे काय, संपणार किती वाजता, मुलांना आणलेलं चालेल का, आणि उशीर झाला तर आत सोडतील का. यातलं एकही उत्तर पोस्टरवर नाही.
शिवाय "दि. १४" म्हणजे कुठल्या महिन्याची? तुम्हाला वाटतं सगळ्यांना माहीत आहे. पण व्हॉट्सॅपवर पोस्टर कधी कुठे पोचेल याचा नेम नसतो. महिना आणि वर्ष नसलेली पोस्टरं पुढच्या वर्षी पुन्हा फिरायला लागतात आणि भलत्या दिवशी कुणीतरी बंद दारासमोर उभं राहून तुम्हाला फोन करतं. वार, तारीख, महिना, वर्ष, चारही हवेत. वार तर हवाच, कारण तारीख चुकली तरी वारावरून गफलत लक्षात येते.

कट्ट्यावरचा
क्यूआर कोडचं कुणी बोललं नाही अजून! ज्या फोनवर पोस्टर दिसतंय त्याच फोनने ते स्कॅन कसं करायचं? माहीतगार माणूस गुगल लेन्स वगैरे लावून काढेल, पण माझे वडील पोस्टर उघडून दुसरा फोन शोधत होते. कोड भिंतीवर चिकटवण्याच्या कागदासाठी ठीक. फोनवर फिरणाऱ्या पोस्टसोबत साधी लिंक द्या.

मागचा बाक
"दुसरा फोन शोधत होते" :)) आमच्याकडेही हेच झालंय.

आवाजी
इथे एक भर घालते. मला दृष्टिदोष आहे, फोनवर स्क्रीन रीडर वापरते. तुमचं पोस्टर मला ऐकू येतं ते फक्त "फोटो" असं. त्यामुळे सगळा तपशील चित्राखाली अक्षरांतही लिहा. फेसबुक आणि इन्स्टावर चित्राला पर्यायी मजकूर जोडायची सोय आहे, तीही वापरा. याचा फायदा डोळसांनाही होतो. चार दिवसांनी "ते अभिवाचन कधी होतं रे?" म्हणून कुणी ग्रुपमध्ये शोधायला गेलं तर "अभिवाचन" हा शब्द चित्रात अडकलेला असेल तर सापडत नाही, अक्षरांत असेल तर सापडतो.
आणि "पहिला मजला" लिहिलंत, लिफ्ट आहे का? ही एक ओळ नसेल तर काही लोक विचारतसुद्धा नाहीत, परस्पर बेत रद्द करतात.

दुसरी विंग
लिफ्ट आहे! लिहायचं सुचलंच नाही कुणाला. धन्यवाद आवाजी, लगेच घालतो.

आकडेमोड
जाहिरातीचं सांगतो, थोडं पाल्हाळ होईल.
पैसे न भरता फेसबुक पानावरची पोस्ट सगळ्या अनुयायांना दिसते असं अजूनही अनेकांना वाटतं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरच केलं होतं की यापुढे पानांपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना वर जागा मिळेल. तेव्हापासून नुसत्या पानावर टाकून स्वस्थ बसण्यात अर्थ उरलेला नाही. तीच माहिती गटातल्या माणसाने स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या शब्दांत लिहिली तर जास्त जणांपर्यंत जाते.
आता पैसे भरून. पोस्टखाली ते "बूस्ट" बटण असतं, ते भुरळ घालतं. पण उद्दिष्ट कोणतं निवडलंत त्यावर सगळं अवलंबून. प्रतिसाद वाढवा म्हणालात तर यंत्रणा इमानेइतबारे लाईक देणारी माणसं शोधून आणते. ती मंडळी लाईक देतात आणि पुढे सरकतात, कारण तुम्ही मागितलं तेच होतं. तुम्हाला फॉर्मवर जाणारे लोक हवेत, तर उद्दिष्ट तसं निवडा, आणि ठिकाण "संपूर्ण देश" न ठेवता सभागृहाभोवती जेवढ्या अंतरावरून माणूस संध्याकाळी येऊन घरी परत जाऊ शकेल तेवढंच वर्तुळ ठेवा. प्रत्यक्ष कार्यक्रमाला दूरच्या राज्यातून आलेली पसंती काय कामाची?
माझं मत विचाराल तर मोजक्या खुर्च्यांच्या विनामूल्य कार्यक्रमाला जाहिरातीवर खर्च करू नये. आधी पोस्टर दुरुस्त करा. वाईट मजकुरावर पैसे लावले तर तो जास्त लोकांना वाईट दिसतो, एवढंच.

रात्रपाळी
शेवटच्या ओळीशी सहमत, जाहिरातीवर खर्च करू नये याच्याशी नाही. ज्यांची मुळात ओळखच नाही त्यांच्यापर्यंत जायचं तर जाहिरात लागतेच. नाहीतर वर्षानुवर्षं तेच चेहरे. पहिलाच कार्यक्रम आहे, नवीन श्रोते हवे असतील तर थोडे पैसे लावून बघायला काय हरकत आहे?

आकडेमोड
हरकत नाही, पण मग मोजा तरी. कुठून किती नावं आली हे कळत नसेल तर जाहिरात चालली की मावशीने फोन केले म्हणून लोक आले हे कसं ठरवणार? गुगल फॉर्ममध्ये आधीच उत्तर भरलेली लिंक बनवता येते. "कुठून कळलं" असा प्रश्न ठेवायचा आणि फेसबुकसाठी एक, इन्स्टासाठी एक, व्हॉट्सॅपसाठी एक अशा वेगळ्या लिंक काढायच्या, प्रत्येकीत ते उत्तर आधीच भरलेलं. येणाऱ्याला काही करावं लागत नाही, तुमच्या तक्त्यात आपोआप दिसतं.

रात्रपाळी
हे माहीत नव्हतं. टिपून ठेवलं.

टिपणवही
लाईक आणि हजेरी यांच्यातल्या दरीचा विषय निघालाच आहे तर २०१९ चं एरिया ५१ प्रकरण आठवतंय का कुणाला? अमेरिकेतल्या नेव्हाडामधल्या त्या गुप्त लष्करी तळावर सगळ्यांनी मिळून धडक मारू या, असा फेसबुकवर गमतीने काढलेला इव्हेंट. वीस लाखांहून जास्त लोकांनी "जाणार" वर टिचकी मारली. २० सप्टेंबरला तळाच्या दरवाज्यांपाशी पोचले ते शे-दीडशे. आसपास भरलेल्या जत्रांना आलेले धरले तरी आकडा काही हजारांपुढे जात नाही.
"जाणार" म्हणणं फुकट असतं, त्यामुळे त्या आकड्यावर खुर्च्या मांडू नयेत.

चौकट
उलटंही होतं हो. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या हारेन गावात एका मुलीने सोळाव्या वाढदिवसाचं आमंत्रण फेसबुकवर टाकलं आणि ते चुकून सगळ्यांना खुलं राहिलं. हजारो अनोळखी पोरं गावात उतरली, दंगल झाली, पोलीस बोलवावे लागले. तेव्हा इव्हेंट सार्वजनिक आहे की खासगी ते एकदा तपासा. घरगुती बैठकीची जाहिरात करणाऱ्यांनी तर नक्कीच, आणि घराचा पत्ता जाहीर पोस्टवर कधीच नको.

मागचा बाक
दुसरी विंग यांच्याकडे दंगल व्हायची शक्यता तूर्तास कमी दिसते.

दुसरी विंग
झाली तर इथे कळवीन :)

तिठा
सगळे फेसबुकला नावं ठेवताहेत म्हणून सांगते, आमच्या टेकडी-भटकंतीच्या गटाला अजूनही बरीचशी माणसं फेसबुकच्या इव्हेंटमधूनच मिळतात. वेळ बदलली की सहभागींना सूचना जाते, कुणी प्रश्न विचारला तर उत्तर सगळ्यांना दिसतं, दर वेळी तेच सांगावं लागत नाही. वय बघा तुमच्या श्रोत्यांचं. चाळिशीपुढचे असतील तर फेसबुक सोडू नका. कॉलेजातल्यांना तिथे शोधायला जाऊ नका.

ओलीसुकी
इन्स्टाबद्दल पटापट. कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, ती तिथे चिकटवून "खालील लिंकवर क्लिक करा" लिहिणारे अजून भेटतात. लिंक प्रोफाइलवर ठेवा किंवा स्टोरीत लिंकचं स्टिकर लावा, २०२१ पासून ते सगळ्यांना मिळतं. स्टोरी चोवीस तासांत जाते, त्यामुळे महत्त्वाचा तपशील फक्त स्टोरीत नको. वाचणाऱ्यांपैकी कुणाचे अनुयायी जास्त असतील तर कोलॅब पोस्ट करा, एकच पोस्ट दोन्ही खात्यांवर दिसते आणि लाईक-कमेंट एकत्र राहतात.
तुम्ही अभिवाचन करता ना? मग सूर्यास्ताचा फोटो कशाला? तालमीत कुणीतरी कथेतला ताणाचा परिच्छेद वाचतंय, असा अर्ध्या मिनिटाचा रील टाका. फोन उभा धरून. आवाज स्वच्छ हवा, पंखा बंद करून घ्या. मागे सिनेमाचं गाणं लावू नका, व्यावसायिक खात्याला तिथली बरीच गाणी मिळतही नाहीत. तुमचा आवाज हाच माल आहे, तोच ऐकवा.

शाईचा डाग
ओलीसुकींना माझे शंभर लाईक. आणि बघा, लाईक देऊन मी येणार नाहीच :)

पोस्टमन
मुख्य गोष्ट राहिली: व्हॉट्सॅप. छोट्या कार्यक्रमाच्या खुर्च्या तिथेच भरतात, आणि सगळ्यात वाईट वापरही त्याचाच होतो.
बहुतेक जण काय करतात, तर पोस्टर एका ग्रुपवर टाकतात आणि तिथून फॉरवर्ड करत सुटतात. व्हॉट्सॅपने अफवांमुळे फॉरवर्डवर बंधनं आणली आहेत. एका वेळी पाचच चॅटना पाठवता येतं, आधीच फॉरवर्ड होऊन आलेला संदेश एका वेळी एकाच ग्रुपला जातो, आणि फार फिरलेल्या संदेशाला दोन बाणांची खूण लागते, तो एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. "फॉरवर्डेड" चिठ्ठी दिसली की वाचणाराही ओळखतो की हे सगळ्यांना गेलंय, मी उत्तर दिलं नाही तरी चालेल. म्हणून फॉरवर्ड न करता पोस्टर नव्याने जोडायचं आणि वर स्वतःची एक ओळ लिहायची.
ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीबद्दल, लोकांचा गैरसमज असतो. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच संदेश पोचतो. बाकीच्यांना काहीच जात नाही आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना कळवलं.
आता माझा हुकमी उपाय. गटातल्या प्रत्येकाने थोड्याच लोकांना, पण एकेकट्याला लिहायचं. "नमस्कार, आमचा कार्यक्रम आहे, अवश्य यावे" असं नाही. असं: "काकू, मागे तुम्ही म्हणाला होतात की भयकथा ऐकायला आवडतात. आम्ही तीन वाचतोय, त्यातली दुसरी खास तुमच्यासारख्यांसाठी. शनिवारी संध्याकाळी जमेल का? जमत असेल तर तुमचं नाव मीच लिहून टाकते." हे वाचून काकूंना हो किंवा नाही म्हणावंच लागतं. आणि नाव तुम्हीच भरून दिलंत तर फॉर्मची कटकटही वाचते. पुष्कळ लोक फॉर्म बघूनच मागे फिरतात. तुमच्या फॉर्ममध्ये किती प्रश्न आहेत?

दुसरी विंग
नाव, फोन, ईमेल, वय, व्यवसाय, पत्ता, "अभिवाचनाकडून आपल्या अपेक्षा"...

पोस्टमन
अपेक्षा!! काढा ते सगळं. नाव, फोन, किती जण. बास. पत्ता आणि वय घेऊन करणार काय आहात? जी माहिती वापरणार नाही ती मागूच नये, लोकांना संशय येतो आणि त्यात गैर काही नाही.

कुंपणापलीकडे
मी या धाग्यातला वैतागलेला प्रेक्षक. दुसरी विंग यांनी विचारलं होतं की रोज टाकलं तर लोक वैतागतील का. हो, वैतागतात. एकच पोस्टर रोज सकाळी "सुप्रभात" बरोबर टाकणाऱ्यांना मी गप्प करून ठेवतो, मग कार्यक्रम कितीही चांगला असो. पण दर खेपेला नवीन काही असेल तर वाचतो. आज कथेची सुरुवात, परवा वाचणाऱ्याची ओळख, नंतर तालमीतला एखादा गोंधळ. तारीख खाली एका ओळीत.
आणि नोंदणी केली म्हणून परस्पर कुठल्या ग्रुपमध्ये ढकलू नका. माझा नंबर शेकडो अनोळखी लोकांना दिसतो त्यात. सूचना द्यायच्या असतील तर व्हॉट्सॅपचं चॅनेल काढा, तिथे एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. किंवा सरळ वेगवेगळे संदेश पाठवा.

आवाजी
+१. बायकांना तर याचा फार त्रास होतो. ग्रुपमधून नंबर उचलून "हाय" पाठवणारे असतातच.

दुसरी विंग
तुमचं सगळ्यांचं ऐकून मजकूर पुन्हा लिहिलाय. बघा जरा:

"मध्यरात्री घरातला फोन वाजतो. पलीकडून आवाज येतो, 'मी पोचलो.' घरातली सगळी माणसं तर घरातच झोपलेली असतात.
ही कथा आणि अशाच आणखी दोन, आम्ही पाच जण रंगमंचावर वाचणार आहोत. तीन भयकथा, दीड तास, मध्यंतर नाही.
शनिवार, १४ तारीख (महिना आणि वर्ष घातलंय), संध्याकाळी ६ ते ७.३०. दार पावणेसहाला उघडेल, सुरू झाल्यावर आत सोडता येणार नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना आणू नका, खरंच घाबरतील.
सभागृह पहिल्या मजल्यावर, लिफ्ट आहे. प्रवेश विनामूल्य, जागा मोजक्या. नाव इथे लिहा:" आणि खाली लिंक.

शाईचा डाग
काय सांगता! हे तुम्हीच लिहिलंत? "खरंच घाबरतील" ठेवाच, ती ओळ अर्धं काम करते. सभागृहाचं नाव आणि नकाशाची लिंक राहिली तेवढी जोडा.

कट्ट्यावरचा
पाच जणांची नावंही घाला. प्रत्येकाचे आपापले लोक त्या नावासाठी येतात.

चौकट
आणि जेवढं आहे तेवढंच लिहा. २०१७ चा फायर फेस्टिव्हल हा संगीत महोत्सव विसरू नका. २०१६ च्या डिसेंबरमध्ये नामवंत मॉडेल्सनी एकाच वेळी इन्स्टावर नुसता भगवा चौकोन टाकला आणि तिकिटं धडाधड खपली. प्रसिद्धी म्हणून कमाल. लोक बहामाच्या बेटावर उतरले तर आलिशान बंगल्यांच्या जागी तंबू आणि ओल्या गाद्या. मुख्य आयोजक पुढे फसवणुकीबद्दल तुरुंगात गेला.

मागचा बाक
फोन वाजला नाही तर आम्हीही पैसे परत मागू. विनामूल्य असले तरी.

तिठा
एक विचारायचं राहिलं. वेळ किंवा जागा आयत्या वेळी बदलली तर? आमच्यावर हा प्रसंग दर पावसाळ्यात येतो. जुनं पोस्टर फिरतच राहतं.

पोस्टमन
फिरतंच. व्हॉट्सॅपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, "सगळ्यांसाठी डिलीट" साधारण दोन-अडीच दिवस चालतं, पण लोकांनी पुढे पाठवलेल्या प्रती तुमच्या हाताबाहेर गेलेल्या असतात. इन्स्टावर कॅप्शन बदलता येते, टाकलेलं चित्र बदलता येत नाही. म्हणून दोन गोष्टी. बदललेलं पोस्टर वेगळ्या रंगात करा, वर ठळक "बदल" लिहा, नाहीतर लोक जुनंच समजून उघडत नाहीत. आणि प्रत्येक पोस्टरवर "ताजी माहिती इथे" म्हणून एकच लिंक असू द्या, जिच्या मागचं पान तुम्ही केव्हाही बदलू शकता. ज्यांनी नाव दिलंय त्यांना मात्र फोन करा. तिथे पोस्टवर विसंबू नका.

दुसरी विंग
धागा वर काढतोय. नवीन मजकूर टाकला, एकेकट्याला लिहायचं कामही वाटून घेतलं. नावं यायला लागली आहेत. तक्त्यात बघितलं तर सर्वांत जास्त "ओळखीच्याने सांगितलं", त्याखालोखाल ओलीसुकींनी सांगितलेला रील. तालमीत फोनवाला परिच्छेद वाचताना आमचीच एक वाचक दचकते, ते तसंच ठेवलंय. रात्रपाळी, थोडे पैसे लावून जाहिरातही केली, त्यातून नावं कमी आली पण जी आली ती सगळी अनोळखी आहेत.
शेवटची शंका: खुर्च्यांइतकी नावं झाली की फॉर्म बंद करू का? विनामूल्य म्हटल्यावर काही जण येणारच नाहीत ना?

आकडेमोड
अनोळखी आली म्हणता? मग रात्रपाळींचा मुद्दा मान्य.
फॉर्म बंद करू नका. वर "जागा भरल्या, प्रतीक्षायादीत नाव घेतोय" असं लिहून चालू ठेवा. भरल्या हे वाचून उरलेल्यांची उत्सुकताही वाढते. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी नोंदणी केलेल्या प्रत्येकाला संदेश: "येताय ना? जमत नसेल तर तेवढं कळवा, दुसऱ्याला जागा देता येईल." नाही म्हणायला सोपं करून दिलं की लोक प्रामाणिकपणे नाही म्हणतात. जेवढ्यांनी नाही म्हटलं तेवढ्यांना यादीतून बोलवा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी फक्त वेळ आणि नकाशा, बाकी काही नको.

पोस्टमन
आणि सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधीपर्यंत जो आला नाही त्याची खुर्ची दारातल्या माणसाला जाईल, हे आधीच फॉर्मवर लिहा. नंतर दारात वाद नको.

दुसरी विंग
लिहितो. दारावर आमचा सगळ्यात शांत माणूस उभा करतो.

ओलीसुकी
त्याच्याकडेच एक वही ठेवा. पुढच्या वेळी कळवायला चालेल का असं विचारून, ज्यांची इच्छा असेल त्यांचेच नंबर घ्या. आणि प्रेक्षकांचे फोटो काढणार असाल तर आत जाताना पाटी लावा, ज्यांना नको त्यांच्यासाठी मागच्या दोन रांगा सोडा.